पेटी घरी वाजते, भजनात धीर होत नाही: तबल्यावरून चार गोष्टी

यावल तालुक्यातल्या आमच्या मंडळात मी तबल्यावर असतो. एकादशीला रात्री विठ्ठल मंदिरात भजन, बाकी कुणाकडे वास्तुशांत किंवा तेरावं असलं की बोलावणं. तबल्यावरून सगळ्यांचे हात दिसतात. दाराशी बसलेला माणूस पेटी (हार्मोनियम) पिशवीतून काढावी की काढू नये या विचारात आहे, हे मुख्य गाणाऱ्या बुवांच्या आधी मला कळतं. घरी छान वाजवणारे कितीतरी असे दाराशीच राहतात. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

पहिल्या वेळी पेटी आणूच नका. हरिपाठाच्या वेळेला रिकाम्या हाताने या. कुणीतरी म्हणेलच, "बठ आठे, टाळ ले." टाळ घ्या, पण लगेच घणघणीत वाजवू नका. मोकळा टाळ चुकला तर देवळाबाहेर ऐकू जातो. तो तळव्यात दाबून हळू वाजवा आणि ठेका अंगात बसला की मोकळा सोडा. पेटी शिकलेल्या माणसाला हे कमीपणाचं वाटतं, पण घरी एकट्याने वाजवताना लय आपल्या सोयीने मागेपुढे होते. ही सवय टाळच मोडतो. शिवाय बुवा ध्रुपद, म्हणजे अभंगाची परत परत येणारी ओळ, किती वेळा घेतात, चरण कुठे सोडतात, मागचे लोक कुठे उचलतात हे टाळ हातात असताना आपोआप कळत जातं.

भजनाचा क्रमही असाच ध्यानात येतो. आधी 'जय जय राम कृष्ण हरी', मग रूपाचे अभंग, पुढे प्रसंग असेल तसे बाकीचे. रात्र चढली की गवळण, भारूड. शेवटी भैरवी आणि पसायदान. नव्या माणसाने पेटी उघडावी ती मधल्या अभंगांना. तोवर बुवांचा गळा तापलेला असतो आणि लय ठरलेली असते. गवळणीला आम्ही तबल्यावाले लग्ग्या (जलद, चटपटीत बोल) लावायला लागतो, तेव्हा नव्याने टाळावरच राहावं.

आता पट्टी, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर धरायचा ती. काळी दोन म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी. नव्या पेटीवाल्याची गाडी इथेच अडते. क्लासमध्ये सगळं पांढरी एकमध्ये शिकवतात आणि इथे बुवा काळी दोन म्हणतात. बायकांचं मंडळ असेल तर काळी चार, काळी पाच. वारकरी ढंगाने गाणारे पुरुषही पट्टी चढीच घेतात. म्हणून घरी दहा अभंग एका पट्टीत बसवण्यापेक्षा एकच अभंग तीन पट्ट्यांत बसवा. सुरुवात काळी एकपासून करा. दिसायला अवघड, पण शुद्ध स्वरांना पाच काळ्या पट्ट्या लागतात आणि फक्त गंधार-निषाद (ग आणि नी) पांढऱ्यांवर येतात. आठवडाभर रोज थोडं वाजवलं तरी बोटं रुळतात.

बुवांना पट्टी विचारायला संकोच वाटत असेल तर तबलजीला विचारा. आम्हाला ती आधीच ठाऊक असते, कारण दायाँ (उजव्या हाताचा तबला) त्या पट्टीच्या षड्जाला, म्हणजे सा ला, लावावा लागतो. पट्टी बदलायची म्हणजे पुन्हा हातोडी काढायची, त्यामुळे रात्रभर सहसा एकच पट्टी राहते. आपल्याकडच्या मे महिन्यात कोरड्या हवेने पुडी (तबल्याचं कातडं) ताणून सूर चढतो, पावसाळ्यात ओलीने उतरतो, म्हणून आमची ठोकाठोक मधूनमधून चालूच असते. त्या वेळात पेटीची पट्टी हळूच दाबून आपला सा कुठे आहे ते पाहून घ्या. कुणाचं लक्ष नसतं.

बसायचं ते मुख्य पेटीवाल्याच्या उजव्या खांद्याच्या जरा मागे, म्हणजे त्याची बोटं दिसतात. दुसरी पेटी वाजवायला त्याची हरकत नाही ना, हे आधी विचारून घ्या. त्याचा मान आहे तो. मग सुरुवातीला फक्त सा आणि पंचम (प) धरा. खरंच, एवढंच. भाता अर्धाच उघडा, स्वर खालच्या सप्तकातला ठेवा. ते जमलं की ध्रुपद वाजवा, कारण ते सगळे मिळून म्हणतात. चरण बुवा एकटे म्हणतात, आलाप घेतात, शब्द फिरवतात. तिथे परत सा-पंचमावर या. जो प्रत्येक जागा भरून काढायला जातो त्याला तबल्यावरून मी हात हलवून थांबवतो, आणि ते चारचौघांत होतं.

बोट चुकलं तर उचला आणि पुढच्या समेला (ठेक्याच्या पहिल्या मात्रेला) परत या. तोंड वाकडं करायचं नाही, "सॉरी" म्हणायचं नाही, बुवांकडे बघायचं नाही. चूक निम्म्या लोकांना ऐकूच आलेली नसते, पडलेला चेहरा मात्र सगळ्यांना दिसतो.

हल्ली जळगावला कॉलेजात शिकणारी पोरं गिटार घेऊन येतात. या, पण गिटार पेटीला मिळवा, मोबाइलच्या ट्यूनरला नाही. जुनी पेटी थोडी चढी-उतरी असते आणि तिला काही ऐनवेळी पिळता येत नाही. काळी एकला पहिल्या घरात कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सीचे आकार धरा, काळी दोनला तिसऱ्या घरात. मेजर कॉर्डमध्ये मात्र शुद्ध गंधार असतो. अभंगात कोमल (उतरा) गंधार असला की तो सरळ बुवांच्या गळ्याशी भांडतो, आणि भैरवीत तर हमखास. चाल ओळखीची होईपर्यंत सा आणि पंचमाच्याच तारा छेडा.

चार-सहा बैठका झाल्या की बुवा म्हणतील, "तू एखादा म्हण." भजनी ठेक्यातला, तीन चरणांचा एक अभंग कायम तयार ठेवा. पट्टी आणि लय मला कानात सांगा, मी सांभाळून घेतो. त्या दिवशी नवी चाल दाखवायची हौस करू नका. सगळ्यांना येते ती चाल घेतली की मागून तीस गळे उचलतात आणि तुमचा आवाज कापतोय हे कुणाला कळत नाही.

सप्ताहाच्या मांडवात पहिल्यांदा बसू नका. तिथे माइक असतो, कीर्तनकार बाहेरगावचे असतात आणि कुणाला तुमच्याकडे बघायला सवड नसते. त्यापेक्षा श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणाला जा. गाणी अहिराणीत असतात, चाली छोट्या असतात, रात्र मोठी असते. नाहीतर थंडीत शेतात भरिताचा बेत असेल तेव्हा या. माइक नाही, क्रम नाही, पोटं भरलेली. एकच सांगणं: कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लेल्या हातांनी कुणालाही पट्ट्यांना हात लावू देऊ नका. तेल आत उतरलं की पट्ट्या चिकटतात, आणि पेटी दुरुस्तीला तालुक्याला न्यावी लागते.