बागेच्या साइटवर नवे आहात? थर झाकला जाण्याआधी हे तपासा

सोसायट्यांच्या बागांची कामं बघायला कृषी पदविकेची मुलं येतात, तशी सिव्हिलचीही येतात. पहिल्यांना उताराचा अंदाज नसतो, दुसऱ्यांना मुळं कशी वाढतात ते ठाऊक नसतं. दोघांनीही एक गोष्ट आधी पक्की करावी. बागेतले महागडे दोष जमिनीखाली असतात आणि लॉन अंथरलं की ते कुणालाच दिसत नाहीत. म्हणून तपासणी काम संपल्यावर नाही, प्रत्येक थर झाकण्याआधी करायची.

सुरुवात राडारोड्यापासून. इमारत झाली की विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट आणि प्लॅस्टिक तिथेच पसरायचं आणि वर वीतभर लाल माती ओतायची, हे सर्रास चालतं. चार-पाच ठिकाणी पहार मारून बघा, अडली तिथे खणा. लॉनला साधारण २० सेंमी, झुडपांना ४५ ते ६० सेंमी आणि मोठ्या झाडाला निदान ९० सेंमी चांगली माती हवी. सोबत निचराही तपासा. ३० सेंमी लांब, रुंद आणि खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. अडीच सेंमीहून जास्त उतरली तर ठीक. एक सेंमीही उतरली नाही, तर पाणी बाहेर काढणारा चर किंवा उंच वाफा केल्याशिवाय तिथे झाड नको. काळ्या मातीत असं होतंच, पण कठीण मुरमातही होतं. तिथे खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत राहतात, पावसाचं पाणी हौदासारखं साचतं आणि मुळं कुजतात. भिंती टिकावाने खडबडीत करून घ्या.

लागवडीतला सगळ्यात वाईट दोष म्हणजे रोप खोल गाडणं. खोड रुंदावून मुळांत उतरतं तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. भरलेली माती पुढे खाली बसते, त्यामुळे मुळांभोवतीचा मातीचा गोळा जमिनीपेक्षा ३ ते ५ सेंमी उंच ठेवून लावायचा. खोल गाडलेलं झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षं खुरटतं आणि मग दोष पाण्यावर किंवा खतावर जातो. दुसरा दोष पिशवीचा. घाईत पिशवीच्या तळाला नुसती चीर देऊन रोप तसंच खड्ड्यात सोडतात. पिशवी पूर्ण काढायला लावा. गोल फिरलेली मुळं दिसली तर गोळ्याला तीन-चार उभे छेद द्या. नंतर खोड हलकेच हलवा. गोळा मातीसकट डुलला तर भोवतीची माती दाबलेली नाही. पालापाचोळ्याचं आच्छादन ५ ते ७ सेंमी पुरे, पण खोडाला टेकवू नका.

झाडं निवडताना लॉन किती, हा प्रश्न आधी विचारा. एप्रिल-मे महिन्यांत एका चौरस मीटर लॉनला रोज ५ लिटरच्या आसपास पाणी जातं. २०० चौरस मीटरला झालं १००० लिटर, आणि तेही टँकरच्या दिवसांत. मुलांना खेळायला लागेल तेवढंच लॉन ठेवून बाकी जागेत अडुळसा, निरगुडी, कोरांटी, करवंद आणि सावलीसाठी बहावा, करंज लावा. एकदा रुजली की ही झाडं फार पाणी मागत नाहीत.

पेव्हर ब्लॉक खचतात ते ब्लॉकच्या दोषाने क्वचित. पायवाटेला ६० मिमी आणि गाड्यांना ८० मिमी जाडी ठीक असते, चूक खालच्या थरांत होते. मुरूम १० ते १५ सेंमीच्या थरांनी, पाणी मारून, कॉम्पॅक्टरने (माती दाबायच्या मशीनने) दाबायचा असतो. एकदम ढीग पसरून वरून मशीन फिरवलं तर खालचा भाग भुसभुशीत राहतो. ब्लॉकखालची कच (दगडाचा बारीक चुरा) ३ ते ४ सेंमीच हवी. लेव्हल जुळवायला कुणी ७-८ सेंमी कच घालत असेल तर काम थांबवा, पावसाळ्यात तिथेच खळगा पडणार. कडेला पक्का कर्ब, म्हणजे काँक्रीटची किंवा दगडाची काठपट्टी, नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. दीड मीटर रुंद वाटेला रुंदीत ३ सेंमी उतार हवा, तोही इमारतीपासून दूर जाणारा. पाण्याच्या लेव्हल नळीने स्वतः मोजा.

मातीचा भार पेलणाऱ्या भिंतीत पाणी बाहेर सोडणाऱ्या नुसत्या पाइपच्या भोकांनी भागत नाही. मागे खडीचा थर आणि जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) नसेल तर माती भोकं बुजवते आणि साचलेलं पाणी भिंत पुढे ढकलतं.

ठिबकच्या नळ्या झाकण्याआधी पाणी सोडा. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली ३ मिनिटांत २०० मिली जमायला हवं. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरमध्ये फार तफावत असेल तर नळी लांब पडली आहे किंवा दाब कमी आहे. फिल्टर आणि टोकाची उघडता येणारी टोपी नसेल तर बिल पुढे सरकवू नका.

प्रत्येक थराचा फोटो टेप लावून, खोली दिसेल असा काढा. बिलातला काही भाग पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायची अट करारातच घालून घ्या. पहिला जोराचा पाऊस पडला की तासाभरात बागेत फिरा आणि कुठे पाणी साचलंय, भिंतीच्या कुठल्या पाइपातून पाणी येत नाही, कुठला ब्लॉक हलतो, हे नकाशावर खुणेने नोंदवून त्याच दिवशी ठेकेदाराला लेखी कळवा.