सामन्याची बॅग भरताना: आधी दुसरी रॅकेट

टेनिस स्पर्धेची बॅग भरायला आदल्या रात्री बसू नका, चार दिवस आधी बसा. कपडे, टोपी, टॉवेल आदल्या रात्री सापडतात. दुसरी रॅकेट सापडते, पण ती तयार नसते, आणि एका रात्रीत तयार होत नाही.

गेल्या स्पर्धेत पहिल्या सेटला ४-३ अशी माझी आघाडी होती. रिटर्न मारला आणि हाताला एक कोरडा झटका बसला. मधली उभी तार तुटली होती. बॅगेत दुसरी रॅकेट होती, यादीत तिच्यापुढे बरोबरची खूणही होती. पण तिच्या तारा दीड वर्षापूर्वीच्या, पार सैल झालेल्या. पहिला फोरहँड बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, हातभर बाहेर पडला, दुसरा त्याच्याही पलीकडे. मग मी हात आखडून खेळायला लागलो आणि चेंडू नेटमध्ये जायला लागले. सेट ४-६ गेला. दुसऱ्या सेटमध्ये सावरता आलं नाही.

म्हणून यादीत ‘दोन रॅकेट’ लिहू नका, ‘दोन तयार रॅकेट’ लिहा. तयार म्हणजे मॉडेल तेच, तार तीच, ताण तोच, आणि दोन्हींचं स्ट्रिंगिंग, म्हणजे तारा बसवणं, एकाच दिवशी झालेलं. पॉलिएस्टरच्या तारा नुसत्या पडून राहिल्या तरी ताण सोडतात, त्यामुळे ‘ती फारशी वापरलीच नाही’ हे कारण चालत नाही. दोन-तीन दिवस आधी तारा बदलून घ्या, म्हणजे एक सराव दोन्ही रॅकेटने होतो. दुसरीची ओव्हरग्रिपही, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टीही, नवी हवी. घामाने कडक झालेली ग्रिप सर्व्ह करताना हातात फिरते.

पहिली रॅकेटही तपासा. उभी तार नखाने जरा बाजूला सारा आणि आडवी तार जिथे तिच्यावर घासते तिथे बघा. खाच पडलेली असेल तर ती तार सामन्यात तुटणार असंच धरून चला. माझ्या तारेला ती खाच नक्की असणार, मी बघितलंच नव्हतं.

नियम इथे फार कडक आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांनुसार कपडे, बूट किंवा इतर गरजेचं साहित्य खेळाडूचा दोष नसताना खराब झालं तर वाजवी जादा वेळ मिळू शकतो, पण रॅकेट त्यातून स्पष्ट वगळलेली आहे. दोन गुणांमध्ये २५ सेकंद, तेवढ्यात काय ते करा. २००० साली ब्रायटनला गोरान इव्हानिसेव्हिचने ली ह्युंग-टेकविरुद्ध खेळताना आपल्या रॅकेट एकेक करून मोडल्या. शेवटचीही मोडल्यावर खेळायला रॅकेटच उरली नाही आणि सामना तिथेच संपवण्यात आला. पुढच्याच वर्षी विम्बल्डन जिंकणाऱ्या माणसालाही कुणी थांबून रॅकेट आणून दिली नाही.

व्यावसायिक खेळाडू तार तुटायची वाटसुद्धा बघत नाहीत. त्यांच्या सामन्यात पहिल्या ७ गेमनंतर आणि मग दर ९ गेमनंतर चेंडू बदलतात; फेडरर नव्या चेंडूंबरोबर ताजी रॅकेटही घ्यायचा. जुन्या काळचा विजेता ब्योर्न बोर्ग ८० पाउंडांच्या आसपास ताण ठेवायचा आणि तारांचा आवाज ऐकून रॅकेट पारखायचा. आवाजाची ही परीक्षा आपल्यालाही जमते. दोन्ही रॅकेटच्या तारांवर तळहात आपटा. एकीचा आवाज उंच आणि दुसरीचा भद्द आला तर ती दुसरी रॅकेट तयार नाही. तेवढा आवाज आदल्या आठवड्यात ऐकला असता तर मला कळलं असतं.

आता बाकीचं. बूट नवे असतील तर सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, फोड येतात. कोर्ट मातीचं असेल तर तळव्याची नक्षी झिजलेले बूट चालणार नाहीत. नाडीचा जोड जादा. मोजे दोन जोड, ओले मोजे बदलायला. पाणी वाटतं त्याच्या दुप्पट घ्या, त्यात थोडं मीठही. सामना किती लांबेल हे कुणालाच माहीत नसतं. जॉन इस्नर आणि निकोला माहू २०१० साली विम्बल्डनला ११ तास ५ मिनिटं खेळले, तेही तीन दिवसांत मिळून. केळी, टेप, डॅम्पनर (तारांची थरथर कमी करणारा रबराचा तुकडा). ड्रॉ (कुणाचा सामना कुणाशी ते) आणि वेळ आदल्या संध्याकाळी पुन्हा बघा. ओळखपत्र.

कोर्टवर वॉर्म-अपची शेवटची दोन मिनिटं दुसऱ्या रॅकेटने मारा, सर्व्हसकट. मग ती कव्हरमध्ये परत घालू नका, खुर्चीला टेकवून ठेवा.