वेब सर्व्हरवरील एन्क्रिप्शन : पेटंटची बाजू कशी तपासावी

पणजीत किंवा म्हापशात बसून हॉटेलांची, होमस्टेंची संकेतस्थळे चालवणाऱ्या अनेकांना वाटते की ओपनएसएसएल (सर्व्हरवर एन्क्रिप्शन, म्हणजे माहितीचे गुप्त रूपांतर, करणारे सॉफ्टवेअर) मुक्त स्रोत आहे, तेव्हा परवान्याचा प्रश्नच उरत नाही. हे अर्धेच खरे आहे. परवाना लिहिलेल्या कोडचा असतो आणि पेटंट त्यामागील पद्धतीवर असते. त्यामुळे कोड फुकट मिळाला तरी पद्धत वापरण्याची मुभा मिळाली, असे होत नाही.

आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीला १९८३ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले आणि ते सप्टेंबर २००० मध्ये संपले. तोवर अमेरिकेतील व्यावसायिक सर्व्हरला परवाना लागे, युरोपात मात्र तीच पद्धत मोकळी होती. म्हणून आधी सर्व्हर कोणत्या देशात आहे ते पाहावे. ग्राहक पर्वरीचा असला तरी यंत्र अमेरिकेत भाड्याने घेतले असेल, तर तिथले पेटंट लागू होऊ शकते. भारतात पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि संगणक प्रोग्राम यांना पेटंट नाकारते. परंतु तांत्रिक परिणाम साधणाऱ्या शोधाचा विचार व्हावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले असल्याने या कलमावर डोळे मिटून विसंबू नये.

त्यानंतर सर्व्हरवर ओपनएसएसएलची आवृत्ती सविस्तर विचारावी. १.१.१ सारख्या जुन्या आवृत्तीच्या उत्तरात ‘ऑप्शन्स’च्या ओळीत ‘आयडिया’ हे नाव दिसू शकते. ही एन्क्रिप्शनची एक जुनी पद्धत असून तिचे पेटंट २०१२ मध्ये संपले. त्याआधी कित्येक जण ती वगळूनच ओपनएसएसएल बांधत. आज टीएलएस १.३ मध्ये (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील सुरक्षित जोडणीच्या नियमावलीत) एईएस किंवा चाचा२० या एन्क्रिप्शन पद्धती वापरणे हाच मला सर्वांत निर्धोक मार्ग वाटतो, कारण एईएसची निवड करतानाच ती जगभर रॉयल्टीविना वापरता यावी अशी अट होती.

ओपनएसएसएल ३.० पासून अपाचे २.० परवाना लागू आहे. त्यात योगदानकर्ते आपल्या पेटंटांची मुभा देतात, पण त्रयस्थाच्या पेटंटापासून तो संरक्षण देत नाही. शिवाय हे सॉफ्टवेअर आपल्या पेटंटाचे उल्लंघन करते असा दावा तुम्ही लावलात, तर ती मुभा संपते. ही बारीक अट ग्राहकाशी करार करण्यापूर्वी जरूर वाचावी.

तपासणीची तारीख, आवृत्ती आणि सुरू ठेवलेल्या सायफरांची (एन्क्रिप्शन पद्धतींची) यादी ग्राहकाच्या फाइलीत लावून ठेवावी. स्वतःचे एन्क्रिप्शन उत्पादन विकायचे असेल, तर मात्र पेटंट एजंटाचा लेखी सल्ला घ्यावा. गोव्यातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात.