‘कभी अलविदा ना कहना’ कसा पाहावा

करण जोहर दिग्दर्शित ‘कभी अलविदा ना कहना’ हा २००६ साली प्रदर्शित झालेला चित्रपट तीन तास तेरा मिनिटांचा आहे, आणि एवढी लांबी पेलणारे कथानक त्यात नाही, हे आधीच मान्य करून तो पाहायला घ्यावा. न्यूयॉर्कमध्ये राहणारी दोन भारतीय जोडपी, देव-रिया आणि ऋषी-माया. त्यांपैकी देव आणि माया एकमेकांच्या प्रेमात पडतात, एवढीच गोष्ट. ती दोन तासांच्या आत सहज सांगून झाली असती. तरीही चित्रपट टाकाऊ नाही, कारण त्यातल्या प्रेमप्रकरणापेक्षा त्यातले न जमलेले संसार कितीतरी खरे उतरले आहेत. म्हणून नजर प्रेमिकांवर कमी आणि त्यांच्या घरांवर अधिक ठेवावी.

शक्यतो एका बैठकीत पाहण्याचा हट्ट धरू नये. दोन संध्याकाळी विभागून पाहावा. सुरुवात मात्र चुकवू नये. माया नववधूच्या वेशात बाकावर बसली आहे, आत लग्नाची तयारी झाली आहे आणि तिचा पाय निघत नाही. अशा वेळी अनोळखी देव तिच्याशी बोलतो. त्यानंतर लगेच देवला मोटारीची धडक बसते आणि त्याची फुटबॉलची कारकीर्द संपते. ऋषीवर आपले प्रेम नाही ही शंका मायाला लग्नाआधीपासूनच आहे, हे या प्रसंगातून ध्यानात ठेवले की पुढे ऋषीचा दोष शोधत बसण्याचे श्रम वाचतात.

कथा चार वर्षे पुढे सरकल्यावर विनोदाचा मोठा पट्टा येतो. मायाचा रंगेल सासरा (अमिताभ बच्चन) आणि देवची आई (किरण खेर) यांच्यातील थट्टामस्करी कंटाळवाणी वाटली तर निःसंकोच पुढे ढकलावी. पार्टीतल्या नाचगाण्यांपाशीही, काजोल आणि जॉन अब्राहम क्षणभर दिसतात म्हणून ज्यांना कुतूहल असेल त्यांनीच थांबावे. ‘मितवा’ हे गाणे मात्र ओलांडू नये. शफ़क़त अमानत अली यांच्या आवाजासाठी तर ते ऐकावेच, शिवाय देव आणि मायामधली मैत्री कुठे वळण घेते हे त्याच गाण्यात कळते.

आता घरांकडे वळू. माया सतत काहीतरी पुसत, आवरत, जागच्या जागी ठेवत असते, आणि ऋषी आधी थट्टेने व मग वैतागाने ते पाहत राहतो. या स्वच्छतेकडे केवळ विनोद म्हणून पाहू नये; नवऱ्याच्या जवळ जाणे टाळण्याची तिची ती रीत आहे असे मानून पाहिले की राणी मुखर्जीचा संयत अभिनय उलगडत जातो. देवच्या घरात दुखणे वेगळे आहे. रिया फॅशन मासिकात वर चढत गेली, तो लंगडत मुलांना फुटबॉल शिकवतो, आणि बायकोच्या यशाचा राग त्यांच्या लहानग्या मुलावर, अर्जुनवर, निघतो. शाहरुख खानने इतका तुसडा, खुजा नायक क्वचितच रंगवला असेल. त्याच्याविषयी सहानुभूती वाटावी म्हणून पार्श्वसंगीत कितीही आर्जव करो, प्रेक्षकाने ती द्यायलाच हवी असे नाही.

चित्रपटाचा खरा कस उत्तरार्धात लागतो. संबंध तोडून आपापल्या जोडीदाराला सारे सांगायचे, असे देव आणि माया ठरवतात. हे दोन्ही कबुलीजबाब शेजारी ठेवून पाहावेत. या प्रसंगांत बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा पाहावा, कारण अभिषेक बच्चनने ऋषीचा संताप आणि अपमान ज्या ताकदीने उभा केला आहे, तेवढे बळ मुख्य जोडीला कुठेही साधलेले नाही. प्रीती झिंटाची रियाही इथे एकदम उंच होते.

ज्यांनी ‘सिलसिला’ (१९८१) पाहिला आहे, त्यांनी एक फरक टिपावा. तिथे नवरा अखेर बायकोकडे परततो. इथे मरणाच्या दारातला सासराच सुनेला सांगतो, की प्रेम नसेल तर माझ्या मुलाला सोड. हिंदी चित्रपटातल्या वडीलधाऱ्याच्या तोंडी असा सल्ला येणे हेच या चित्रपटाचे धाडस, आणि ते पुढच्या अश्रूंच्या पुरात वाहून जाते.

कबुलीनंतर देव आणि माया या दोघांनाही घराबाहेर काढले जाते. त्यानंतर ते भेटतात, आणि आपल्याला जोडीदाराने क्षमा केली असे दोघेही एकमेकांना खोटेच सांगतात. संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत नेमका प्रसंग आहे. पुढे तीन वर्षांची उडी, ऋषीचे दुसरे लग्न आणि रेल्वे फलाटावरची धावपळ एवढेच उरते. शेवट गोड झाल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी तेही पाहावे. इतरांनी या खोट्या निरोपापाशीच चित्रपट बंद केला तरी चालेल.