वजनावरून पेशंट ओशाळू नये म्हणून दवाखान्यात काय बदलावं

सुरुवात बीपीच्या पट्ट्यापासून करा. बहुतेक ठिकाणी एकच पट्टा असतो. जाड दंडावर तो कसाबसा चिकटवला तरी हवा भरताच टर्रकन सुटतो, आणि सिस्टर म्हणून जातात, ''तुमचा हातच केवढा!'' पेशंट शरमतो ते वेगळंच, आकडाही चुकतो. पट्टा लहान पडला की बीपी खोटं जास्त दिसतं. सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्या दंडावर नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी २०च्या आसपास फुगतो. मग नको ती गोळी सुरू होते. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने घेर मोजा. २७ ते ३४ सेंमीला नेहमीचा, ३५ ते ४४ला मोठा, त्यापुढे सर्वांत मोठा, म्हणजे मांडीचा. कुठला लागला ते केसपेपरवर लिहा, पुढच्या खेपेला शोधाशोध होत नाही.

सुईचंही तेच. दंडात लस द्यायला २५ मिमीची सुई बहुतेकांना पुरते. साधारण ९० किलोपुढच्या बाईला आणि ११८ किलोपुढच्या पुरुषाला ३८ मिमीची घ्या, नाहीतर लस स्नायूत न जाता चरबीत राहते. वेटिंगमध्ये हात नसलेल्या दोन-तीन भक्कम खुर्च्या हव्यातच.

काटा पॅसेजमधून उचलून आत ठेवा. ''ब्याण्णव!'' असं टेबलापर्यंत ओरडून सांगायची पद्धत आजच बंद करा; आकडा मुकाट्याने लिहायचा. कान दुखतोय म्हणून आलेल्याचं वजन कशाला? भूल, वजनावर ठरणारा डोस, गरोदरपण, लहान मूल, अंगात पाणी साठणं, विनाकारण वजन उतरणं, इथे ते लागतंच. ''डोस ठरवायचाय, वजन घेऊ का?'' एवढं विचारा. आकडा बघायचा नसेल तर काट्याकडे पाठ करून उभं राहू द्या.

''खात्यापित्या घरच्या दिसता'' आणि ''फुंकर मारली तर उडाल'' हे दोन्ही टोमणेच. रिसेप्शनवरच्या मुलीला आणि मावशींनाही हे सांगून ठेवा, कारण पेशंटची पहिली गाठ त्यांच्याशी पडते.

खरी गफलत तपासणीत होते. ''आधी दहा किलो उतरवा, मग गुडघ्याचं बघू.'' हाच गुडघा सडपातळ माणसाचा असता तर? सूज पाहिली असती, वाकवून बघितला असता, गरज वाटली तर उभ्याने एक्स-रे काढला असता, मांडीचे व्यायाम शिकवले असते. तेवढं सगळं आजच करा. वजनाचा विषय त्यानंतर, आणि तोही विचारून: ''याबद्दल बोलायचंय का?'' हो म्हणाले तर पहिल्यांदा चालू औषधांची यादी मागा. ओलान्झापिन (मानसिक आजाराचं), व्हॅल्प्रोएट (फिटचं), इन्सुलिन, स्टेरॉइड यांनी वजन वाढतं, आणि ती चिठ्ठी कधीकधी आपणच लिहिलेली असते.