नवी फ्लॅश चिप कर्नलमध्ये नोंदवताना

भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी एम्बेडेड लिनक्सचे, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या संगणकांवर चालणाऱ्या लिनक्सचे, काम करू लागलो, तेव्हा वाट्याला आलेले पहिले काम वरवर किरकोळ होते. आमच्या बोर्डवरची १६ एमबीची एसपीआय नॉर फ्लॅश (वीज गेली तरी मजकूर टिकवणारी स्मृतिचिप, जिच्यातून बोर्ड सुरू होतो) बाजारात मिळेनाशी झाली होती आणि तिच्या जागी दुसऱ्या उत्पादकाची ३२ एमबीची चिप कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, फ्लॅश हाताळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये नोंदवायची होती. पुण्यातल्या महाविद्यालयांतून नुकतेच बाहेर पडून या कामाकडे वळणाऱ्यांसाठी तो अनुभव लिहीत आहे.

हेक्स (सोळाच्या पायाच्या संख्यापद्धतीतील) ९एफ ही आज्ञा मिळाली की चिप आपली ओळख सांगते. विनबॉन्ड या उत्पादकाच्या १६ एमबीच्या एका परिचित चिपचे उत्तर ईएफ, ४०, १८ असे येते. त्यातला पहिला बाइट उत्पादकाचा, दुसरा प्रकाराचा आणि तिसरा आकाराचा असतो, कारण हेक्स १८ म्हणजे २४ आणि दोनाचा २४वा घात म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट. ड्रायव्हरमध्ये उत्पादकवार तक्ते असून त्यांत ही ओळख एकेका ओळीत नोंदलेली असते. मी शेजारची ओळ उतरवून घेतली, ओळख आणि आकार बदलला, चिप चालू झाली आणि काम संपले असे मी समजलो.

तीन आठवड्यांनी चाचणी विभागातून तक्रार आली की वॉचडॉगने (प्रोग्राम अडकला तर प्रोसेसर पुन्हा सुरू करणाऱ्या घड्याळाने) रीसेट केल्यावर बोर्ड उठत नाही, वीज काढून पुन्हा दिली तरच उठतो. माझ्या टेबलावर मी दर वेळी वीजच बंद करत असल्याने मला हे कधी दिसलेच नव्हते. तीन बाइटांचा पत्ता १६ एमबीपर्यंतच पोहोचतो. त्यापुढे जाण्यासाठी माझ्या अपुऱ्या नोंदीमुळे ड्रायव्हर चिपलाच चार बाइटांच्या पत्त्याच्या अवस्थेत नेत होता. आमच्या बोर्डवर रीसेटची तार फ्लॅशपर्यंत नेलेली नव्हती, त्यामुळे प्रोसेसर नव्याने सुरू होऊन तीन बाइटांचा पत्ता पाठवी आणि चिप चौथ्याची वाट पाहत राही. अवस्था न बदलता चार बाइटांचा पत्ता घेणाऱ्या स्वतंत्र आज्ञा त्या चिपमध्ये होत्या, वाचण्यासाठी हेक्स १३ आणि लिहिण्यासाठी १२. त्या नोंदीत आणल्यावर दोष गेला. चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, हे सारे स्पष्ट लिहिलेले होते, मी ते पान उघडले नव्हते.

आता मी सर्वांत आधी हेक्स ५ए या आज्ञेने चिपमधला एसएफडीपी तक्ता, म्हणजे चिपने स्वतःबद्दल दिलेली माहिती, वाचतो. जेईएसडी २१६ या मानकाप्रमाणे आकार, पुसण्याच्या आज्ञा आणि पत्त्याची लांबी त्यात असते, आणि नवे कर्नल तो स्वतःच वाचत असल्याने अनेक चिपांना वेगळी ओळ लागतच नाही. ब्लॉक कुलूपबंद करण्यासारखी (चिपचा काही भाग बदलता येणार नाही असा करण्यासारखी) जी माहिती त्या तक्त्यात नसते, तिच्यासाठी मात्र ओळ लिहावी लागते.

कर्नलची देखभाल करणाऱ्यांकडे पॅच, म्हणजे आपला बदल, पाठवताना सिसएफएसमधून (कर्नल आपली माहिती जिथे फायलींच्या रूपात दाखवते तिथून) मिळालेली ओळख, एसएफडीपीची पूर्ण नक्कल आणि प्रत्यक्ष चाचणीची नोंद जोडावी: भाग पुसल्यावर प्रत्येक बाइट एफएफ झाला का, आणि यादृच्छिक मजकूर लिहून परत वाचल्यावर दोन्हींचे चेकसम (मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) जुळले का. एकच ओळख काही उत्पादकांनी वेगवेगळ्या चिपांना दिलेली आहे, म्हणून तक्त्यातली जुनी ओळ आपल्या चिपशी जुळत नाही एवढ्यावरून ती बदलू नये. तिच्या भरवशावर दुसऱ्या कोणाचा तरी बोर्ड चालत असतो.