छोट्या टाकीत झेब्रा: मोठी टाकी येईपर्यंत काय करायचं

दुकानात झेब्रा मासे पाहिले की घ्यावेसेच वाटतात. बोटाच्या दोन पेरांएवढा जीव, चंदेरी अंगावरून थेट शेपटीत गेलेले निळे पट्टे, तोंडाशी नीट पाहिलं तरच दिसणाऱ्या बारीक मिशा, आणि क्षणभरही एका जागी न थांबणं. ‘लहान मासा आहे, एक फुटी टाकीत आरामात राहील,’ असं दुकानदार सांगतो आणि आपण सहा झेब्रा पिशवीत घालून घरी येतो. मीही असेच आणले होते. आठवडाही झाला नव्हता, तेव्हा एका सकाळी त्यातला एक टाकीमागे फरशीवर वाळून पडलेला सापडला. पट्टे तसेच होते, डोळा पांढरा पडला होता. टाकीला झाकण नव्हतं आणि आत त्याला धावायला जागा नव्हती.

तुमच्याकडे अशी टाकी आणि असे मासे असतील, तर मोठी टाकी घेणं हाच खरा इलाज आहे. पण ती येईपर्यंतचे आठवडे माशांनी कसे काढायचे, तेही सांगायला हवं.

आधी लांबी मोजा

टाकी किती लिटरची, हे आपण आधी विचारतो. झेब्रासाठी पहिला प्रश्न लांबीचा. हा मासा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांचा आणि भातखाचरांच्या कडेच्या पाण्याचा. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात त्याचं पहिलं वर्णन केलं. तो आडवा धावतो, तेही थव्याने. पूर्ण वाढलेला झेब्रा साधारण चार सेंटिमीटरचा. एक फुटी टाकी म्हणजे तीस सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या अंगाच्या सात-आठ पट. निघाला की भिंत, वळला की पुन्हा भिंत.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५७ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ धरा. सहा-आठ झेब्रांसाठी मी याखाली जाणार नाही, आणि तीन फुटी जमत असेल तर तीच घ्या. तेवढ्याच लिटरची उभी, उंच टाकी शोभेला बरी दिसते, पण या माशाच्या उपयोगाची नाही.

मासे कमी करू नका

जागा कमी म्हणून दोन झेब्रा ठेवून बाकीचे परत करावेत, असं सगळ्यांनाच सुचतं. मलाही सुचलं होतं. तीन परत दिले आणि दोन दिवसांत उरलेल्यांपैकी मोठ्याने धाकट्याला कोपऱ्यातून हलू दिलं नाही. धाकट्याची शेपटी कडेने फाटली होती आणि खाणं टाकलं तरी तो वर येत नव्हता.

झेब्रांमध्ये वरचा-खालचा असा मानपान असतो. सहा-आठ जण असले की पाठलाग सगळ्यांत वाटला जातो आणि एकावरच ताण येत नाही. दोघंच असले की एक मारणारा आणि एक मार खाणारा. म्हणून थवा ठेवायचा तर पाच-सहाचा, नाहीतर सगळेच मासे मोठी टाकी असलेल्या ओळखीच्या माणसाला द्यायचे. मधला मार्ग इथे सगळ्यात वाईट.

आणि द्यायचे म्हणजे माणसालाच. नदीत, तळ्यात, विहिरीत सोडायचे नाहीत. दुकानातल्या पाण्यातले आजार त्यांच्याबरोबर जातात.

मधली जागा मोकळी करा

आता टाकीच्या आत हात घाला. प्लॅस्टिकचा किल्ला, बुडबुडे सोडणारा शिंपला, मधोमध ठेवलेला मोठा दगड, सगळं बाहेर. झाडं मागच्या काचेला आणि एका कोपऱ्यात दाट लावा. पाठलाग झालेल्या माशाला लपायला तेवढा आडोसा लागतो. पुढचा आणि मधला सगळा पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिकामा हवा.

फिल्टर आखूड बाजूच्या काचेवर लावा, म्हणजे पाण्याची धार टाकीच्या लांबीने वाहील. झेब्रा धारेच्या उलट पोहत राहतो, त्यामुळे कमी जागेतही त्याच्या अंगाला काम मिळतं. हे पाहण्यासारखं असतं: सगळे एका दिशेला तोंड करून, शेपट्या थरथरवत, जागच्या जागी पळत असतात. धार मात्र सौम्य ठेवा. छोट्या टाकीत जोराची धार सगळीकडेच लागते आणि मासे थकतात.

झाकण

आजच घाला. फिल्टरच्या नळीसाठी ठेवलेली फटही जाळीने बुजवा. झेब्रा बोटभर फटीतून उडी मारतो. पाणी काठापासून दोन इंच खाली ठेवा.

पाणी

छोट्या टाकीत सगळ्यात आधी बिघडतं ते पाणी. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते, आणि पाणी थोडं असल्यामुळे तो लगेच विषारी पातळीला जातो. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीचं किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले पाहिजेत.

आठवड्यातून दोनदा पाव भाग पाणी सायफनने, म्हणजे पाणी ओढून काढायच्या नळीने, खडीतला गाळ ओढत काढा. नवीन पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं असावं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब घाला. सगळं पाणी एकदम बदलू नका. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळायचा, बस. नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवसावर येता.

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. चिमूटभरही जास्त होतं. झेब्रा वरच्या थरात खातो, तळाला पडलेलं बहुतेक तसंच कुजतं.

उन्हाळा आणि वीज

पुण्या-नाशिकच्या थंडीत झेब्राला सहसा हीटर लागत नाही, अठरा-वीस अंशांचं पाणी तो निभावून नेतो. त्रास उन्हाळ्याचा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना साडेसात. गरम पाण्यात माशाची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच साठा घटतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात एक फुटी टाकी दुपारी पाहता पाहता तापते. टाकी खिडकीपासून हलवा, पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. बर्फ थेट टाकू नका.

वीज गेली आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर टाकीतलंच पाणी तांब्याने घेऊन वीतभर उंचीवरून परत ओता. पाच मिनिटं ओतत राहा. बॅटरीवर चालणारा एअर पंप आणून ठेवलात तर रात्री झोप लागेल.

काय पाहत राहायचं

रोज सकाळी खाणं टाकण्याआधी दोन मिनिटं टाकीसमोर बसा. एखादा मासा काचेला नाक लावून सतत वर-खाली, वर-खाली करतो का? एकच जण बाकीच्यांना हाकलतो का? कुणाचे पर फाटलेत, कुणाचं नाक घासून पांढरं झालंय? यातलं काही रोज दिसत असेल, तर वरचे सगळे उपाय करूनही टाकी पुरत नाहीये. मग मोठी टाकी या महिन्यातच आणायची.

झगझगीत गुलाबी-हिरवे झेब्रा दुकानात दिसले तर तेही हाच मासा, फक्त त्यांच्यात जेलीफिश किंवा प्रवाळाचं रंगाचं जनुक घातलेलं असतं. त्यांनाही तेवढीच धाव लागते. आणि ‘जायंट डॅनियो’ म्हणून मिळणारे झेब्राचे मोठे भाऊबंद दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात, त्यांना दोन फुटीही पुरत नाही. चार फूट हवेत.

मोठ्या टाकीत हलवताना

जुना फिल्टर न धुता तसाच नव्या टाकीत लावा, जुनी खडीही घाला. जिवाणू त्यांतच असतात. टाकीखाली थर्माकोलचा शीट ठेवा आणि टेबल भक्कम आहे ना पाहा, कारण दोन फुटी भरली की पाणी, काच आणि खडी मिळून साठ किलोंच्या वर जाते. मासे असलेली पिशवी पंधरा मिनिटं नव्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर नवीन पाणी पिशवीत घाला. चार-पाच वाट्या झाल्या की मासे जाळीने उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या.

त्या दिवशी दिवा लावू नका, खाणं देऊ नका. पहिले काही तास सगळे मागच्या झाडांत गोळा होऊन राहतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला एक बाहेर येईल, मग मागून सगळे, आणि थवा एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत सरळ जाऊन वळेल. तेव्हा पहिला घास घाला.